सात आठवडे खाल्लं नाही, म्हणजे ती आजारीच आहे का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: जुळे सोलापुरात राहणाऱ्या, पन्नाशीतल्या एका वाचक भगिनींचा मुलगा फेब्रुवारीत नोकरीसाठी पुण्याला गेला. तो राहतो तिथे प्राणी ठेवायला परवानगी नाही. म्हणून त्याने पाळलेली टॅरंटुला (म्हणजे मोठा, केसाळ कोळी), मेक्सिकन रेड नी जातीची मादी, आईकडे सोपवली. "आठवड्याला दोन अळ्या टाक, वाटीत पाणी बघ, बाकी काही लागत नाही," एवढंच सांगून तो गेला. आधी त्यांना डब्याजवळ जायचीही भीती वाटायची. आता सकाळी उठून तिला बघितल्याशिवाय त्यांचा चहा होत नाही. पण सात आठवडे झाले, तिने काहीच खाल्लेलं नाही. पोटाच्या मागचा केस नसलेला भाग आधी फिकट होता, तो काळा पडलाय. ती एका कोपऱ्यात बसून असते. गेल्या आठवड्यात तिने खाली पांढरं जाळं अंथरलं. परवा दुपारी पाय थोडे आत ओढलेले दिसले. "ती वाळवंटातली आहे, पाणी नको" असं कुणी सांगितल्यामुळे पाण्याची वाटी कोरडीच होती. खाईल या आशेने त्या रोज एक-दोन अळ्या मात्र टाकत राहिल्या. डबा वरच्या मजल्यावर मुलाच्या खोलीत आहे आणि संध्याकाळी तिथे डासांचं लिक्विड मशीन लागतं. जनावरांच्या डॉक्टरांनी "हे आमच्याकडे येत नाही" म्हणून सांगितलं. एकाने ग्लुकोजचं पाणी सुचवलं, दुसऱ्याने बल्बची ऊब. पती म्हणतात, सिद्धेश्वर वनविहारात सोडून येऊ. मुलगा प्रोबेशनवर असल्यामुळे त्याला अजून काहीच कळवलेलं नाही. "माझ्या हातून ती गेली तर पोराला काय तोंड दाखवू?" असं त्या विचारतात.

ताई,

उत्तर लांबणार आहे, पण काही कामं उद्यावर टाकण्यासारखी नाहीत, म्हणून ती आधी सांगते. त्या खोलीतलं डासांचं मशीन आजपासून बंद करा. एखादं उथळ झाकण स्वच्छ पाण्याने भरून डब्यात ठेवा, ती बसली आहे त्या कोपऱ्यापासून लांब. ज्या अळ्या वर दिसतात त्या लांब चिमट्याने काढून घ्या. आणि डबा खालच्या मजल्यावर आणा, दोन्ही हातांनी खालून धरून, जराही तिरपा होऊ न देता. फक्त एक लक्षात ठेवा: वर गेल्यावर ती उताणी पडलेली दिसली, तर डबा हलवू नका. अशा वेळी मशीन बंद करा, दार लावा आणि तिला एकटं सोडा.

तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचून मला आजारापेक्षा दुसरीच शक्यता जास्त वाटते. ती कात टाकायच्या तयारीत असावी.

कोळ्याचा सांगाडा अंगाच्या बाहेर असतो. वाढायचं असो किंवा झिजलेलं कवच बदलायचं असो, जुनं सगळंच्या सगळं उतरवावं लागतं, अगदी सुळ्यांसकट. पिल्लं हे वरचेवर करतात. पूर्ण वाढलेली मादी वर्षातून एकदा, कधी दोन वर्षांतून एकदा करते. त्याआधी ती खाणं सोडते, काही आठवडे, कधी काही महिनेसुद्धा. पोटावरचा तो टक्कल पडल्यासारखा भाग तिने स्वतःच केस झाडून केलेला असतो. तो काळा पडतो कारण आत तयार झालेल्या नव्या कातेवरचे काळे केस जुन्या पातळ कवचातून दिसायला लागतात. आणि ते पांढरं जाळं म्हणजे तिचं अंथरूण आहे. त्याच्यावर ती उताणी होते आणि जुनं कवच सोडवते. खाणं बंद, पोट काळं, जाळं अंथरलेलं, ही तिन्ही लक्षणं तुम्ही एका पत्रात लिहिलीत. कुणी न शिकवता इतकं बारकाईने बघितलंत, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीत जरा तपासून बघू. जेवत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे आपल्या घरात खरं असतं. मूल दोन घास कमी जेवलं तरी आईच्या लक्षात येतं, आणि ते यायलाच हवं. पण टॅरंटुलाचं शरीर फार संथ चालतं. ती शिकारीमागे धावत नाही, बिळाच्या तोंडाशी बसून वाट बघते. शिकार आली तर खाते, नाही आली तर महिनोन्‌महिने तशीच राहते. पोट टपोरं असेल तर तिच्याकडे शिदोरी आहे असं समजा. सात आठवडे हा आकडा तुम्हाला घाबरवतोय, तिला नाही. मोठ्या मादीला एरवीही आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा खाणं पुरतं.

म्हणून तुमच्या रोजच्या अळ्यांबद्दल बोलायलाच हवं. तुम्ही मायेने टाकल्यात, पण आत्ता सगळ्यात जास्त धोका त्यांचाच आहे. कात टाकताना आणि टाकल्यावर काही दिवस तिचं अंग मऊ असतं, सुळेही मऊ असतात. ती स्वतःला वाचवू शकत नाही. अशा वेळी भुकेली अळी किंवा रातकिडा तिला कुरतडू शकतो. मीलवर्म, म्हणजे तुम्ही टाकता त्या अळ्या, कोकोपीटमध्ये (डब्यात अंथरलेल्या नारळाच्या भुशात) खाली घुसून बसतात, त्यामुळे वर काही दिसत नाही म्हणजे डबा रिकामा आहे असं समजू नका. त्यांच्यासाठी कोकोपीट उकरायला जाऊ नका, तिचं अंथरूण मोडेल. त्याऐवजी रात्री एका कोपऱ्यात बटाट्याची किंवा गाजराची जाड चकती ठेवा. ओलाव्याला अळ्या तिथे गोळा होतात. सकाळी चकती अळ्यांसकट उचला. दोन-तीन रात्री असं करा.

परवा पाय आत ओढलेले दिसले, त्याला मात्र मी "काही नाही" म्हणणार नाही. टॅरंटुलाला पाय मिटायला स्नायू असतात, पण ताठ करायला ती मुख्यतः अंगातल्या द्रवाच्या दाबावर अवलंबून असते. नळाला पाणी आलं की पाइप कसा ताठतो आणि पाणी गेलं की लोळागोळा होऊन पडतो, तसं ते आहे. अंगातलं पाणी कमी झालं की दाब उतरतो आणि पाय आपोआप पोटाखाली वळायला लागतात. तुमची वाटी कोरडी होती आणि वरच्या मजल्यावर मे महिन्याची दुपार होती. त्यामुळे तहान हे कारण मला अगदी शक्य वाटतं. "वाळवंटातली आहे" हे ज्यांनी सांगितलं त्यांनी अर्धवट सांगितलं. ही जात मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या कोरड्या जंगलातली. तिथे मोठा कोरडा ऋतू असतो आणि पावसाळाही असतो, आणि ती जमिनीखाली बिळात राहते, जिथे वरच्यापेक्षा गारवा आणि ओल असते. डब्यात तिला तेवढं खोल बीळ मिळत नाही. म्हणून पाण्याची वाटी बाराही महिने भरलेली हवी.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, साठवूनच ठेवावं लागतं. तेच साठवलेलं पाणी चालेल, वेगळं काही आणायला नको. फक्त भांडं स्वच्छ हवं आणि झाकणातलं पाणी दोन दिवसांनी बदलायचं. झाकणात स्पंज किंवा कापूस ठेवायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. त्यात घाण साठते. पाण्याच्या बाजूचा कोपरा हलका ओला ठेवा, बाकीचा कोरडा. कुठे बसायचं ते ती ठरवेल.

आता टॉर्चने, बाहेरूनच, तिचं पोट बघा. गोल आणि भरलेलं असेल तर निश्चिंत राहा. सुरकुतलेलं, आत गेलेलं असेल आणि पाय पोटाखाली वळत चालले असतील, तर पाणी तिच्यापर्यंत न्यावं लागेल. अगदी उथळ झाकण घ्या, पाणी काही मिलिमीटरच. मऊ ब्रशने तिला हळूहळू सरकवून पुढचा भाग, म्हणजे सुळे आणि तोंड, पाण्यावर येईल असं बसवा. पोट बाहेर, कोरड्यातच राहायला हवं, कारण तिची श्वासाची इंद्रियं पोटाच्या खालच्या बाजूला असतात आणि पोट पाण्यात बुडालं तर गुदमरेल. मग तास-दोन तास थांबा. तहान हेच कारण असेल तर पाय हळूहळू पसरायला लागतात. हे करताना चष्मा लावा आणि चेहरा लांब ठेवा. रेड नी चावण्यापेक्षा मागच्या पायांनी केस उडवते. ते केस कातडीला लागले तर नुसती खाज येते, पण डोळ्यात गेले तर डोळ्यांच्या डॉक्टरांपर्यंत जावं लागतं. नंतर हात साबणाने धुवा.

नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो, म्हणून हे नीट सांगते. टॅरंटुला उताणी पडली की घरचे ती मेली असं समजतात. कुणी तिला सरळ करतं, कुणी थेट बाहेर टाकून येतं. खरं तर उताणी टॅरंटुला बहुतेक वेळा कात टाकत असते. मरणारी टॅरंटुला साधारण पोटावरच असते आणि तिचे पाय खाली, आत वळलेले असतात. तेव्हा ती उताणी दिसली तर हात लावायचा नाही, पाणी शिंपडायचं नाही, फुंकर मारायची नाही, डबा फिरवून फोटो काढायचे नाहीत. काही तास लागतात, मोठ्या मादीला कधी अख्खा दिवसही जातो. मध्येच ती निपचित पडते, तेव्हा ती दम घेत असते. एखादा पाय जुन्या कवचात अडकला तरी ओढू नका. टॅरंटुला पाय गमावून जगू शकते आणि पुढच्या कातींत तो पुन्हा उगवतो. ओढाताणीत अंग फाटलं तर मात्र वाचवणं फार अवघड असतं.

उन्हाबद्दल थोडं सविस्तर लिहावंच लागेल, कारण परदेशातले सल्ले वाचून सोलापुरात टॅरंटुला पाळणं यातच मोठी गफलत होते. त्या सल्ल्यांमध्ये डब्याखाली तापणारी गादी ठेवा, बल्ब लावा असं असतं. ते थंड देशातल्या घरांसाठी आहे, आणि तिथेही जाणकार लोक आता ते टाळायलाच सांगतात. उकडायला लागलं की टॅरंटुला गारव्यासाठी खाली उकरत जाते, आणि ऊब खालूनच येत असेल तर ती थेट तव्यावर पोचते. तिला २४ ते २८ अंश बरं, तिशीच्या थोडं वरही ती सोसते. पस्तिशीच्या पुढे माझी काळजी सुरू होते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४२ च्या पुढे जातो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम राहतो. म्हणून बल्ब तर नाहीच, पण ती खोलीसुद्धा नको.

खालच्या मजल्यावर आतल्या भिंतीला लागून, ऊन न येणारी जागा निवडा. देवघराशेजारी, धान्याच्या खोलीत, जिथे दुपारी तुम्हाला स्वतःला टेकावंसं वाटतं तिथे. डब्याजवळ एक स्वस्तातला डिजिटल थर्मामीटर ठेवा. अंदाजावर जाऊ नका. कूलर चालेल, पण त्याचा झोत सरळ डब्यावर नको. फारच तापलं तर डब्याच्या बाहेरच्या एका बाजूला ओलं फडकं लावा, हवेची भोकं उघडी ठेवून. बर्फ, फ्रीज हे अजिबात नाही. आणि खाली आणल्यावर मुंग्यांकडे लक्ष ठेवा. कात टाकणाऱ्या कोळ्यावर मुंग्या चढल्या तर त्याचं काही खरं नसतं. डबा स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये. मुंग्यांचा खडू किंवा पावडर मात्र त्या खोलीत आणू नका.

त्याचं कारण तेच, जे डासांच्या मशीनचं. कॉइल, लिक्विड, झुरळांचे स्प्रे यांत बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात. ती कीटकांच्या मज्जातंतूंवर घाव घालतात आणि कोळ्याचे मज्जातंतू त्यातून सुटत नाहीत. विषबाधा झालेली टॅरंटुला झटके देत चालते, पाय एकमेकांत अडकतात, स्वतःच्या अंगावर ताबा राहत नाही. तुमच्या पत्रात असं काही नाही, याचा मला दिलासा वाटतो. कधी दिसलंच तर उतारा म्हणून देण्यासारखं काही नाही. मोकळी हवा, स्वच्छ पाणी, नवं कोकोपीट, आणि वाट बघणं. डास आहेत हे खरं, तर खिडकीला जाळी बसवा, मच्छरदाणी लावा. गल्लीत धूर फवारणीची गाडी आली की त्या बाजूची दारं-खिडक्या बंद करा. बाथरूममधलं झुरळ पकडून तिला देऊ नका, ते कुठल्या औषधावरून चालून आलंय ते आपल्याला कळत नाही. शेतातल्या किड्यांचंही तेच. आणि कोकोपीट नर्सरीतून आणाल तेव्हा खत न मिसळलेलं मागा.

खरे आजारही असतात. तोंडाभोवती पांढरट, चिकट द्रव दिसला आणि वास यायला लागला, तर सूक्ष्म कृमींची शंका घ्यायची. टॅरंटुलाच्या तोंडात राहणाऱ्या अशा एका कृमीचं वर्णन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइडमधल्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलं. खात्रीचा इलाज अजून नाही. अशा वेळी तिला इतर कोळ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि डॉक्टरांशी बोलायचं. अंगावर चालणारे बारीक पांढरे ठिपके म्हणजे माइट. ते बहुधा उरलेल्या, कुजलेल्या खाण्यावर वाढतात. डबा साफ करून कोरडा केला की बरेचसे जातात. पडून पोटाला चीर गेली आणि निळसर द्रव आला, तर कॉर्नफ्लोअर (मक्याचं पांढरं स्टार्च) चिमूटभर दाबून धरायचं. डब्याचं झाकण तिच्यापासून फार उंच नसावं ते यासाठीच. जमिनीवर राहणारी ही जड जात फूटभरावरून पडली तरी फुटू शकते. म्हणून तिला हातावर घेऊन खेळवू नये, मुलाने व्हिडिओत घेतलेलं असलं तरी.

ग्लुकोजचं पाणी नको. तिला पाणीच हवंय, साखरेने फक्त मुंग्या आणि बुरशी येतील. माणसांची प्रतिजैविकं कुणी सुचवली तर तीही नकोत. इंटरनेटवर ओल्या टिश्यूच्या छोट्या डबीत ठेवायचा उपाय सापडेल, त्याला लोक मोठ्या कौतुकाने आयसीयू म्हणतात. उबदार, दमट, बंद डबीत बुरशी आधी वाढते. तोंडाशी थेट पाणी देणं जास्त साधं आणि जास्त सुरक्षित आहे.

डॉक्टरांबद्दल. तुमच्या डॉक्टरांनी "येत नाही" म्हटलं, यात मला त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री बघणाऱ्याने अंदाजाने कोळ्याला सुई टोचण्यापेक्षा हे कितीतरी बरं. वेगळ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर पुण्या-मुंबईत मिळतात. शिरवळ आणि उदगीरची पशुवैद्यकीय महाविद्यालयं, मुंबईचं परळचं महाविद्यालय इथेही विचारता येईल. पण तिला आत्ता एसटीत घालून नेऊ नका. या उन्हात, ऐन कातेच्या तोंडावर, प्रवासानेच ती दगावेल. आधी व्हिडिओ आणि फोटो पाठवून फोनवर सल्ला घ्या. आणि पुण्यात असा डॉक्टर शोधून द्यायला तुमचा मुलगा तिथे आहेच.

त्याच्याकडे येतेच, पण आधी वनविहाराबद्दल. तुमच्या यजमानांचा हेतू वाईट नाही. घरात त्रास होतोय त्यापेक्षा मोकळं सोडलेलं बरं, असा विचार त्यामागे असणार. पण तिच्यासाठी ते मोकळं सोडणं ठरणार नाही. आयुष्यभर डब्यात वाढलेली मादी उघड्या माळावर उन्हाने, मुंग्यांनी किंवा पक्ष्यांच्या चोचीने जाईल. आणि समजा ती जगली, तर तो आणखी वेगळा प्रश्न. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये मेक्सिकोकडचीच एक टॅरंटुला, रेडरम्प, अशीच बाहेर गेली आणि संत्र्या-मोसंब्यांच्या बागांत वस्ती करून राहिली. आपल्या मातीत परक्या शिकाऱ्याची भर घालायचा अधिकार आपल्याला नाही.

यजमानांना आणखी एक सांगा, कदाचित त्यांना आवडेल. टॅरंटुला म्हणजे फक्त परदेशी किडा नव्हे. सह्याद्रीत आपल्या स्वतःच्या जाती आहेत. आणि तिरुपतीला रेल्वेने जाताना गुंटकलनंतर जे गुत्ती स्टेशन लागतं, त्याच्या नावाने जगभर ओळखली जाणारी एक निळीशार टॅरंटुला आहे. १८९९ साली तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं ते गुत्तीच्या रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत सापडलेल्या नमुन्यावरून. बहुधा लाकडांबरोबर ती तिथवर आली होती. नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात ती पुन्हा सापडायला २००१ साल उजाडलं. आज ती अतिसंकटग्रस्त जातींत मोडते. ज्या गाडीने आपण दर्शनाला जातो तिच्या वाटेवरचा हा प्राणी आहे.

कायद्याचा मुद्दाही इथेच येतो, आणि तो मी दडवून ठेवणार नाही. मेक्सिकन रेड नी ज्या ब्रॅकिपेल्मा प्रजातीतली आहे, ती सगळी प्रजाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येते. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि साइटिसमधल्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली. असा जिवंत प्राणी जवळ असेल तर त्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करण्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. मुलाने ही नोंद केली आहे का, विकत घेताना कागद मिळाले होते का, हे त्याला विचारा. केली नसेल तर सोलापूरच्या वन विभागाच्या कार्यालयात जाऊन पुढे काय करायचं ते त्याने स्वतः विचारायचं आहे. त्यासाठी तुम्ही एकट्याने धावपळ करू नका.

तर मुलगा. त्याला सांगायचं नाही असं तुम्ही ठरवलंत, कारण त्याच्या कामात अडथळा नको. मला तुमच्याशी इथे थोडं असहमत व्हायचंय. तो प्राणी त्याचा आहे. तुम्हाला एका वाक्याच्या सूचनेवर एक असा जीव सांभाळायला मिळाला, ज्याबद्दल तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. उन्हाळ्यात डबा कुठे ठेवायचा, मशीन लावायचं नाही, कातेआधी खाणं थांबतं, यातलं काहीही त्याने सांगितलं नाही. कदाचित त्यालाही माहीत नसेल. म्हणजे जे बिनसलं असेल ते एकट्या तुमच्या हातून बिनसलेलं नाही. शिवाय त्याच्याकडे अशी माहिती आहे जी आत्ता उपयोगाची आहे: तिने शेवटची कात कधी टाकली, ती खरंच मादी आहे हे त्याला कसं कळलं, कुणाकडून घेतली, विकणारा अनुभवी आहे का. मादी आहे की नर, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रौढ नर शेवटच्या कातेनंतर खाणं कमी करतात आणि फार जगत नाहीत, मग काळजी घेणाऱ्याने काहीही केलं तरी.

तुम्ही लपवत राहिलात आणि ती गेली, तर त्याला दुःख होईलच, वर "आईने सांगितलं का नाही" हेही राहील. आज रात्री त्याला फोन करा. ऑफिस सुटल्यावर, जेवणानंतर. सुरुवात माफीने करू नका. "ती खात नाहीये, मला वाटतं कात टाकणार आहे, डबा खाली आणलाय, मशीन बंद केलंय" असं सांगा आणि फोटो पाठवा. प्रोबेशनवरच्या मुलालाही एवढं ऐकायला वेळ असतो, आणि त्याला ऐकायचंही असतं.

आणि ती वाचलीच नाही तर? तहान आणि ऊन यांचा फटका आधीच बसला असेल, तर कात नीट न निघण्याचा धोका थोडा वाढतो. हे मी तुम्हाला खोटं गोड करून सांगणार नाही. तसं झालं तर रडू येईल, येऊ द्या. कोळ्यासाठी कोण रडतं, असं म्हणणारे भेटतील. रोज सकाळी जिला बघितल्याशिवाय तुमचा चहा होत नाही, तिच्यासाठी तुम्ही रडलात तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण मला वाटतं ती उताणी होईल, काही तासांनी सरळ होईल, आणि शेजारी तिच्यासारखीच दिसणारी रिकामी कात पडलेली असेल. तेव्हा दोन टॅरंटुला झाल्या म्हणून दचकू नका. तिचे रंग उजळलेले असतील, सुळे पांढरे असतील. पाण्याची वाटी भरलेली ठेवा आणि खाणं देऊ नका. सुळे लाल होत काळे होईपर्यंत, साधारण दोन आठवडे थांबायचं. चार-पाच दिवसांनी कात चिमट्याने अलगद उचलून ठेवा, जाणकार माणूस तिच्या आतल्या बाजूवरून नर की मादी हे खात्रीने सांगू शकतो. पहिलं खाणं म्हणून एकच लहान रातकिडा किंवा डोकं चेपलेली एक अळी द्या. एका रात्रीत खाल्ली नाही तर काढून घ्या, आठवड्याने पुन्हा बघा.

रेड नी मादी वीस वर्षांहून जास्त जगू शकते. तुमच्यासारख्या कितीतरी घरांत मुलं असा प्राणी आणतात आणि शिकायला, नोकरीला निघून जातात, मग डबा आई-वडिलांकडे राहतो. अशा सगळ्यांना माझं सांगणं आहे की डब्यावर एक कागद चिकटवून घ्या, मुलाच्या हस्ताक्षरात. जात कोणती, शेवटची कात कोणत्या तारखेची, शेवटचं खाणं कधीचं, खोलीत कुठली औषधं चालणार नाहीत, अडचण आली तर कोणत्या डॉक्टरांचा नंबर लावायचा. आणि नोंदणीच्या कागदाची एक प्रत त्याच्या मागे. ताई, तुमच्या मुलाला तो कागद या शनिवार-रविवारी घरी येऊन लिहायला सांगा.